व्यसन, श्रद्धा आणि रॅप: ख्रिस्ती हिपहॉपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. ख्रिस्ती हिपहॉप म्हणजे भक्तिगीताला बीट लावलं की झालं, असंच ना?

नाही. उपासनेच्या गीतात सगळी मंडळी मिळून देवाशी बोलते. रॅपमध्ये एकटा माणूस आपल्या गल्लीतून, आपल्या भाषेत, समोरच्या ऐकणाऱ्याशी बोलतो. बीट, यमक, शब्दफेक हे सगळं हिपहॉपचंच असतं. मराठी मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) माणूस पुढे येऊन ‘मी असा होतो, प्रभूने मला असं धरलं’ म्हणून साक्ष देतो, ती डोळ्यांसमोर आणा. ती साक्ष सोळा बारांत (बार म्हणजे चार ठोक्यांचं माप) बसवली की ख्रिस्ती हिपहॉपचा गाभा हाती लागतो. या प्रकारात धर्मशिक्षण देणारी, सामाजिक अन्यायावर बोलणारी, निव्वळ मौजेची गाणीही भरपूर आहेत. या पानावर मात्र व्यसन आणि त्यातून सावरणं यावरच्या गाण्यांपुरतंच बोललं आहे.

२. हे सुरू कधी आणि कुठे झालं?

अमेरिकेत, १९८०च्या दशकात. ओक्लाहोमाच्या स्टीफन वायलीची १९८५ची ‘बायबल ब्रेक’ ही कॅसेट सहसा पहिली मानली जाते. १९९०च्या दशकात लॉस एंजेलिसचे गॉस्पेल गँगस्टाझ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा टी-बोन आले. रस्त्यावरचं आयुष्य ते सांगोवांगी सांगत नव्हते, त्यामुळे व्यसन आणि गँग हे विषय इथून ठळक झाले. फिलाडेल्फियाच्या क्रॉस मूव्हमेंट या गटाने त्याला बायबलच्या अभ्यासाची बैठक दिली. २००४ मध्ये रॅपर लेक्रे आणि बेन वॉशर यांनी रीच रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी काढली. लेक्रेच्या ‘ग्रॅव्हिटी’ला २०१३ मध्ये सर्वोत्कृष्ट गॉस्पेल अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि २०१४ चा ‘अ‍ॅनॉमली’ बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमांच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. तोवर हा प्रकार चर्चच्या तळघरातच वाजायचा, असं समजणाऱ्यांना तो धक्काच होता.

३. या गाण्यांत व्यसनाचा विषय इतका का येतो?

कारण हिपहॉप ज्या वस्त्यांत वाढलं, त्याच वस्त्यांत १९८०च्या दशकात क्रॅक कोकेन (खड्याच्या रूपातलं, ओढायचं कोकेन) पसरलं. त्यावर १९८६ साली अमेरिकेत जो कायदा झाला त्यात ५ ग्रॅम क्रॅकला ५०० ग्रॅम पावडर कोकेनइतकी, म्हणजे किमान पाच वर्षांची शिक्षा होती. हे १०० ला १ प्रमाण २०१० मध्ये १८ ला १ वर आणलं गेलं. मधल्या चोवीस वर्षांत किती घरांतला बाप, मामा, मोठा भाऊ तुरुंगात गेला, हे त्या पिढीच्या गाण्यांत ऐकू येतं. व्यसन, तुरुंग आणि बाप नसलेलं घर हे तिन्ही विषय एकाच कडव्यात का येतात, त्याचं उत्तर इथे आहे.

पुढे नशा बदलली. ह्यूस्टनमध्ये कोडीनचं खोकल्याचं औषध सोड्यात मिसळून प्यायची पद्धत संगीताच्या वर्तुळात रुजली. तिथला डीजे स्क्रू २००० साली त्यातच गेला. नंतर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि मग फेंटानिल, हे अतितीव्र कृत्रिम वेदनाशामक. एप्रिल २०२१ ला संपलेल्या बारा महिन्यांत अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसं गेली. अशा देशात गाणारा आणि ऐकणारा, दोघांच्याही घरात कोणीतरी असतंच.

४. गाण्यातले शब्द कळत नाहीत. लीन, पर्क, बार म्हणजे काय?

लीन म्हणजे वर सांगितलेलं कोडीनचं मिश्रण. पर्क म्हणजे पर्कोसेट, ऑक्सिकोडोन आणि पॅरासिटामोलची गोळी. ट्रॅप म्हणजे जिथून माल विकला जातो ते घर. ट्रॅप संगीताचं नाव तिथूनच आलं. ‘बार’ला दोन अर्थ आहेत: संगीतात चार ठोक्यांचं एक माप, आणि रस्त्यावर अल्प्राझोलामची (चिंतेवरच्या औषधाची) लांबट गोळी. रॅपर हा श्लेष मुद्दाम करतात. ‘क्लीन’ म्हणजे नशेविना असलेला. ‘११६’ म्हणजे बायबलमधलं रोमकरांस पत्र १:१६, सुवार्तेची लाज वाटत नाही असं सांगणारं वचन. रीच रेकॉर्ड्सच्या मंडळींची ती खूण आहे.

हे शब्द परके वाटले तरी वस्तू परकी नाही. कोडीनचं सिरप आणि अल्प्राझोलाम नशेसाठी घेणं आपल्याकडेही चालतं, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

५. सुरुवात कुठून करू?

लेक्रेच्या ‘रीहॅब’पासून (सप्टेंबर २०१०). नाव व्यसनमुक्ती केंद्राचं असलं तरी त्यात दारू आणि ड्रग्जबरोबर अहंकार, पैसा, वासना यांचीही गुलामी आहे, म्हणून ज्याला व्यसन नाही तोही त्यात सापडतो. जानेवारी २०११ मध्ये त्याचाच दुसरा भाग आला, त्याच्या नावात ‘ओव्हरडोस’ हा शब्द आहे आणि तो ख्रिस्ताच्या प्रेमासाठी फिरवून वापरला आहे. लेक्रेने स्वतःच्या तरुणपणातल्या नशेबद्दल उघड सांगितलं आहे. पुढे तो अल्पवयीन मुलांच्या कोठडीत स्वयंसेवक म्हणून जायचा, तिथल्या मुलांसमोर त्याने रॅप केला आणि त्यांच्या प्रतिसादातून पुढची वाट निघाली. ‘रीहॅब’ ऐकताना तो कोणाशी बोलतोय हे त्यामुळे लगेच समजतं.

त्यानंतर मिशिगनचा रॅपर एनएफ याचं, आईला उद्देशून केलेलं २०१६ चं ‘हाऊ कुड यू लीव्ह अस’. त्याची आई २००९ मध्ये गोळ्यांच्या अतिसेवनाने गेली. गाण्यात राग आहे, प्रेम आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यात आहेत. शेवटाकडे रॅप थांबतो, तो नुसता बोलू लागतो, आवाज फुटतो आणि ते रडणं तसंच ठेवलं आहे. व्यसनी माणसाच्या मुलाच्या बाजूने इतकं खरं बोललेलं दुसरं गाणं आम्हाला माहीत नाही. पण घरात नुकताच असा मृत्यू झाला असेल तर हे रात्री एकट्याने ऐकू नका.

६. शिव्या असतात का? मुलांना ऐकू देऊ का?

शिव्या जवळजवळ नसतात. विषय मात्र मोठ्यांचे असतात: अतिसेवन, आत्महत्येचे विचार, घरातली मारहाण. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला द्यायचं असेल तर आधी स्वतः शब्द वाचा आणि पहिल्यांदा सोबत बसून ऐका.

७. गाण्यात ‘येशूने एका रात्रीत सोडवलं’ असं आहे. मग माझी औषधं बंद करू का?

करू नका. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी हे उत्तर पूर्ण वाचावं.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने एकदम बंद केली तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फीट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या सुमारास भ्रम, ताप, जोरदार थरथर आणि नसलेलं दिसणं सुरू होऊ शकतं. ही अवस्था रुग्णालयाची आहे. प्रार्थनेसाठी घरात कोंडून ठेवण्याची नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचंही तेच: त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात.

हेरॉइन आणि त्या जातीच्या पदार्थांचा धोका वेगळा. काही आठवडे न घेतल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. मग माणूस घसरला आणि त्याने जुनाच डोस घेतला, तर तो डोस आता त्याला मारू शकतो. शिबिरातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे दिवस म्हणूनच सगळ्यात नाजूक. ब्युप्रेनॉर्फिनसारखं, तलफ आवरणारं औषध याच काळात आधार देतं. ‘हे म्हणजे एका नशेऐवजी दुसरी’ असं काही प्रार्थनागटांत म्हटलं जातं, ते चूक आहे आणि त्या वाक्याने माणसं दगावतात.

साक्षीत ‘एका रात्रीत’ असं येतं ते बहुतेकदा वळणाबद्दल असतं. त्या रात्रीच्या पुढची वर्षं तीन मिनिटांत मावत नाहीत, म्हणून गाळली जातात. चांगले कलाकार ती दुसऱ्या गाण्यात सांगतात.

८. अशी गाणी ऐकून उलट तलफ येते, असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि त्यात तुमची श्रद्धा कमी पडली असं काही नाही. तलफ शब्दांआधी आवाजाला जागते. जड बेस, ठराविक हाय-हॅट (ड्रमची झांज), गाडीतला स्पीकर: ज्या आवाजात नशा केली तोच आवाज पुन्हा आला की मेंदू जुनी साखळी जोडतो, मग त्यावर कोणीही काहीही गात असो. पहिले तीन महिने ट्रॅप ढंगाची गाणी बाजूला ठेवा आणि ८० ते ९५ बीपीएमची (म्हणजे मिनिटाला तेवढ्या ठोक्यांची), पियानो किंवा गिटारवरची गाणी निवडा. दिवसा ऐका, हेडफोन न लावता, आणि जुन्या जागी नको. ऐकल्यावर पंधरा-वीस मिनिटांत अस्वस्थ वाटलं तर ते गाणं यादीतून काढा आणि आपल्या गटातल्या माणसाला फोन करा. गाणं चांगलं आहे म्हणून सहन करत बसू नका.

९. बारा पायऱ्यांचा आणि या गाण्यांचा काही संबंध आहे का?

खूप जवळचा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (दारू सोडू पाहणाऱ्यांचे परस्पर आधाराचे गट, बारा पायऱ्या त्यांच्याच) १९३५ मध्ये ओहायोच्या अ‍ॅक्रनमध्ये सुरू झालं. त्यातली कबुली, भरपाई आणि दुसऱ्याला मदत ही अंगं ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतून आली. संस्थापकांनी मुद्दाम ‘आम्हाला समजला तसा देव’ असे शब्द ठेवले, त्यामुळे तिथे कोणत्याही धर्माचा किंवा धर्म न मानणारा माणूस बसू शकतो. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक चर्चमधून सुरू झालेल्या सेलिब्रेट रिकव्हरीने त्याच पायऱ्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या धन्यवचनांशी (मत्तय ५) जोडल्या आणि ख्रिस्ताचं नाव उघड घेतलं.

गाण्यांची बांधणी हे लक्षात ठेवून ऐका. पहिल्या कडव्यातला स्वतःचा हिशोब आणि कबुली म्हणजे चौथी आणि पाचवी पायरी, याकोबाच्या पत्रातलं ५:१६ तेच सांगतं. आई, बायको, मुलगा यांना उद्देशून केलेली गाणी आठव्या-नवव्या पायरीची. एका गोष्टीत मात्र जपा: नववी पायरी भरपाईची आहे. गाण्यात माफी मागितली म्हणजे ती झाली असं नव्हे, घेतलेले पैसे परत करायचे असतात.

१०. आमच्या तरुण संघात किंवा व्यसनमुक्ती गटात गाणं कसं वापरायचं?

एका बैठकीत एकच गाणं. दोन घेतली की चर्चा पसरते आणि लोक आवडीनिवडीवर येतात.

साधारण पाऊण तास धरा. आधी गाण्याचा विषय सांगा आणि कोणाला नको असेल तर बाहेर बसायची मोकळीक द्या. शब्दांचा मराठी भावार्थ छापून वाटा, कारण इंग्रजी रॅपची गती पकडता आली नाही की माणूस गप्प होतो आणि आपण समजतो तो विचार करतोय. गाणं वाजवा. मग दोन मिनिटं पूर्ण शांतता. ही शांतता चालवणाऱ्याला फार लांब वाटते आणि तो मध्येच बोलतो, बहुतेक वेळा बैठक इथेच बिघडते. घड्याळ पाहा, पण थांबा. नंतर एकच प्रश्न: ‘कुठल्या ओळीला तुम्ही थांबलात?’ ‘यातून काय शिकलात?’ विचारू नका, त्याला सगळे रविवार शाळेतलं उत्तर देतात. कोणी रडलं तर लगेच हात ठेवून प्रार्थना सुरू करू नका, त्याला बोलणं पुरं करू द्या. शेवटची दहा मिनिटं आज रात्री कोण कोणाला फोन करणार हे ठरवण्यासाठी ठेवा.

अडचण बहुतेक वेळा स्पीकरची असते. पत्र्याचं छप्पर असलेल्या सभागृहात बेस घुमतो आणि शब्द बुडतात. मिक्सरवर बेस निम्म्याने कमी करा, आवाज मध्यम ठेवा.

११. मला मराठीत स्वतःची साक्ष रॅपमध्ये लिहायची आहे. कशी लिहू?

आधी माप. एक कडवं सोळा बारांचं, म्हणजे ६४ ठोके. ९० बीपीएमला ते साधारण ४३ सेकंदांत संपतं, १४० ला २७ सेकंदांत. साक्षीला ८० ते ९० ठीक. एका बारात १० ते १३ अक्षरं ठेवा. सोळा भरता येतात, पण श्वासाला जागा उरत नाही आणि तिसऱ्या ओळीत दम लागतो.

मराठीत पहिला सापळा यमकाचा. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून ‘आलो, गेलो, झालो, प्यालो’ अशी यमकं फुकट मिळतात. चार ओळींत कान कंटाळतो. वाक्य फिरवा आणि नाम, जागा, आकडा शेवटी आणा.

दुसरा सापळा मंडळीच्या भाषेचा. ‘तारण’ म्हटलं की चर्चबाहेरच्या माणसाला सोनेतारण आठवतं, ‘साक्ष’ म्हटलं की कोर्ट, ‘मंडळी’ म्हणजे जमलेले लोक. हे शब्द टाकू नका, पण त्यांच्या आधी असं काही ठेवा की अर्थ आपोआप कळेल. ‘मी अंधारात होतो, प्रभूने प्रकाश दिला’ ही ओळ खरी आहे, पण ती कोणाचीही असू शकते. त्याऐवजी हे बघा (माप नंतर बसवा):

तांदळाच्या डब्यात आईनं दडवले पाचशे,
मीच काढले, मग शोधत बसलो तिच्यासोबत रात्रीचे.

इथे ‘पाप’ हा शब्द नाही, तरी ते दिसतं. आता पुढच्या ओळीत ‘क्षमा’ आली तर तिला वजन येईल.

तिसरं, काय गाळायचं. माल कुठे मिळतो, कसा घेतात, किती घेतला की काय होतं, हे लिहू नका. नुकताच सुटलेला ऐकणारा तेवढंच ऐकतो (प्रश्न ८). भावाचं, मित्राचं, विकणाऱ्याचं नाव घालू नका. ‘कायमचा सुटलो’ असं लिहू नका, ‘आज’ लिहा. पुढे कधी घसरलात तर हीच ओळ तुम्हाला पुन्हा गटात जायला लाज वाटू देणार नाही. आणि रेकॉर्ड करण्याआधी तुम्हाला नशेत पाहिलेल्या एका माणसाला ऐकवा. खोटी ओळ तो लगेच पकडतो.

बीटबद्दल: यूट्यूबवर ‘फ्री’ लिहिलेला बीट सहसा फक्त विनाकमाई वापरापुरता असतो. गाणं स्ट्रीमिंगवर टाकायचं असेल तर लीज (वापराचा विकतचा परवाना) घ्या आणि पावती जपून ठेवा. नाहीतर वर्षभराने गाणं उतरवलं जातं.

१२. आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना रॅप पटत नाही. काय करावं?

हा वाद अमेरिकेतही झाला आणि मिटलेला नाही. मराठी मंडळीला मात्र स्वतःचा इतिहास आहे. फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत आणलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगात ख्रिस्त गायला, कीर्तनं केली, आणि त्यांची गीतं आज ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून तेच वडीलधारे डोळे मिटून म्हणतात. हे भांडायला वापरू नका, आदराने आठवण करून द्या. आणि आधी शब्द कागदावर वाचायला द्या, आवाज नंतर. पहिल्यांदा उपासनेत नको, उपासनेनंतर चहाच्या वेळी एकच गाणं. पाळकांना आधी विचारा.

१३. एनएफ, डीएमएक्स, जेली रोल: हे ख्रिस्ती हिपहॉपमध्ये धरायचे का?

तिघांचं उत्तर वेगळं आहे. एनएफ ख्रिस्ती आहे, त्याची सुरुवात ख्रिस्ती संगीताच्या कंपनीतून झाली, पण आपलं संगीत ‘ख्रिस्ती संगीत’ या खणात बसवणं त्याला मान्य नाही. त्याचा शब्द मानावा.

डीएमएक्स या अमेरिकन रॅपरच्या अल्बमांत शिवराळ, हिंसक गाण्यांशेजारी खऱ्याखुऱ्या प्रार्थना आहेत, अगदी १९९८ च्या पहिल्या अल्बमपासून. तो या प्रकारात बसत नाही. पण त्या प्रार्थना ऐकून गुडघे टेकलेली माणसं आहेत. ९ एप्रिल २०२१ ला, पन्नासाव्या वर्षी, कोकेनमुळे आलेल्या हृदयविकाराने तो गेला.

जेली रोल रॅपर म्हणून सुरू झाला आणि आता मुख्यतः कंट्री गातो. जानेवारी २०२४ मध्ये त्याने अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर फेंटानिलविरोधी कायद्यासाठी साक्ष दिली, तीही आपण पूर्वी ड्रग्ज विकत होतो हे न लपवता. प्रकाराच्या चौकटीबाहेरचा, पण या विषयाच्या अगदी आतला.

१४. गाणारा स्वतःच पुन्हा घसरला तर त्याची गाणी खोटी ठरतात का?

आमच्या मते नाही. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो की जे करायचं नाही तेच माझ्या हातून होतं, आणि तो अध्याय कोणी बायबलमधून काढला नाही. पण त्याला गटासमोर आदर्श म्हणून उभं करू नका, आणि तो सावरेपर्यंत मंच देऊ नका. मंच, टाळ्या, रात्रीचा प्रवास हे त्याच्यासाठी औषध नाही.

१५. मी ख्रिस्ती नाही. ऐकलं तर चालेल?

चालेल. मदतीसाठीही धर्म बदलावा लागत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा सर्वांना खुल्या आहेत (प्रश्न ९), पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

१६. भाऊ पितो. त्याला ही गाणी पाठवू का?

तो प्यालेला असताना नको, भांडणानंतर नको, आणि सोबत ‘बघ, हा सुधारला, तू कधी?’ असं लिहून तर मुळीच नको. एनएफचं ते गाणं व्यसनी माणसाला पाठवू नका. ते तुमच्यासाठी आहे. सकाळी तो शुद्धीत असताना एकच गाणं सोबत ऐका आणि ‘तुला काय वाटलं?’ एवढंच विचारा. उत्तर नाही आलं तरी विषय तिथेच सोडा. स्वतःसाठी अल-अनॉनची सभा शोधा, ती घरच्यांसाठीच असते.

तो हाक मारून, खांदा हलवूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, ओठ निळसर पडले असतील, तर १०८ ला फोन करा, त्याला कुशीवर वळवा, श्वास चालू आहे ना ते पाहत राहा. तोंडात मिठाचं पाणी, लिंबू, काहीही घालू नका. एरवी व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलीमानस १४४१६, दोन्ही निःशुल्क. हे क्रमांक आजच फोनमध्ये टाकून ठेवा, घाईत आठवत नाहीत.